ज्यांच्या प्रश्नांनी कायदे हलले त्या पत्रकार बायका

शाईपेन

बायकांच्या राजकीय हक्कांवर काहीही वाचायला घेतलं की मोर्चे, तुरुंगवास, भाषणं, उपोषणं हे सगळं भरपूर सापडतं आणि ते सापडायलाच हवं, पण त्याच गर्दीत वही-पेन घेऊन बसलेली एखादी बाई असते तिचं नाव कुठेच येत नाही. ती घोषणा देत नाही, व्यासपीठावर नसते, बऱ्याचदा बातमीला तिची बायलाइनही, म्हणजे नावाची ओळही, नसते. पण तिनं नेमका कुठला प्रश्न विचारला, कुठली बातमी कुठल्या पानावर लावली, कुणाचं पत्र छापलं यावरून पुढचं बरंच काही ठरलेलं असतं. अशा बायकांसाठी हा धागा काढतेय.

सुरुवात मे क्रेगपासून करते कारण ती माझी सगळ्यात लाडकी. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या पेपरांची वॉशिंग्टनमधली वार्ताहर. डोक्यावर कायम फुलाफुलांची हॅट, त्यामुळे लोक तिला हॅटवाली म्हणून ओळखायचे आणि ती मात्र शांतपणे उभी राहून असा प्रश्न टाकायची की समोरच्याला उत्तर देण्यावाचून गत्यंतर नसायचं. नोव्हेंबर १९६१ मध्ये केनेडींच्या पत्रकार परिषदेत तिनं विचारलं, तुमच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात बायकांना समान हक्क आणि समान वेतनाचं आश्वासन आहे, तर त्यासाठी तुम्ही आत्तापर्यंत काय केलंत. केनेडी म्हणाले की पुरेसं केलेलं नाही हे नक्की. सभागृहात हशा पिकला. पण उत्तर रेकॉर्डवर गेलं, राष्ट्राध्यक्षांच्या तोंडून गेलं. पुढच्याच महिन्यात स्त्रियांच्या दर्जाबद्दलचा राष्ट्राध्यक्षीय आयोग नेमला गेला, अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट, माजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पत्नी. आयोगाचं काम आधीपासून चाललेलं होतं, त्यामागे कामगार खात्यातल्या एस्थर पीटरसन होत्या, त्यामुळे तो क्रेगच्या प्रश्नामुळेच नेमला असं मी म्हणणार नाही. पण विषय चर्चेत जिवंत ठेवणं हे सुद्धा काम असतं आणि ते ती वर्षानुवर्षं करत होती.

दुसरा प्रसंग तर त्याहून मोठा. जानेवारी १९६४, 'मीट द प्रेस' हा टीव्हीवरचा कार्यक्रम. समोर हॉवर्ड स्मिथ, प्रतिनिधीगृहाच्या नियम समितीचे अध्यक्ष, नागरी हक्क विधेयकाचे कट्टर विरोधक. नोकरीत वंश, रंग, धर्म, मूळ देश यावरून भेदभाव करता येणार नाही असं त्या विधेयकात होतं, स्त्री-पुरुष भेदाचा उल्लेखच नव्हता. क्रेगनं विचारलं की 'लिंग' हा शब्द त्यात घालणारी दुरुस्ती तुम्ही मांडाल का. ते म्हणाले, कदाचित मांडेन. दोन आठवड्यांच्या आत, ८ फेब्रुवारीला, त्यांनी खरंच मांडली. सभागृहात पुरुष सदस्य हसायला लागले तेव्हा सदस्य मार्था ग्रिफिथ्स उठल्या आणि म्हणाल्या की बायकांना दुय्यम समजलं जातं याचा पुरावा हवाच असेल तर हे हसणंच पुरे. दुरुस्ती १६८ विरुद्ध १३३ मतांनी पास झाली. क्रेग त्यावेळी पंचाहत्तरीला पोचलेली होती.

तुम्हाला माहीत असलेल्या अशा आणखी बायका असतील तर प्लीज इथे लिहा. देश कुठलाही चालेल.

केतकी_पान

काय सुंदर विषय काढलायस ताई! मे क्रेग हे नाव पहिल्यांदाच वाचलं. एक प्रश्न, त्या काळात बायकांना अशा पत्रकार परिषदांना बसू तरी द्यायचे का? म्हणजे आत शिरायलाच बंदी असेल तर प्रश्न कुठून विचारणार.

शाईपेन

केतकी, नेमकी हीच अडचण होती आणि ती एका बाईनंच फोडली. मार्च १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पदाची शपथ घेतल्यावर दोनच दिवसांत एलिनॉर रूझवेल्टनी व्हाइट हाऊसच्या रेड रूममध्ये स्वतःची पत्रकार परिषद घेतली आणि त्यात फक्त बायकांना प्रवेश ठेवला. कल्पना असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लोरेना हिकॉक या रिपोर्टरची. पस्तीसेक जणी आल्या, सगळ्यांना पुरतील एवढ्या खुर्च्याही नव्हत्या म्हणून काही जणी खाली बसल्या. मंदीचे दिवस होते, पेपरांमध्ये नोकरकपात चालू होती आणि कपात करताना पहिला नंबर बाईचाच लागायचा. आता व्हाइट हाऊसमधली बातमी हवी असेल तर ऑफिसात निदान एक तरी बाई ठेवणं भाग पडलं! युनायटेड प्रेसनं रूबी ब्लॅकला याच कामासाठी घेतलं. एलिनॉरनी बारा वर्षांत अशा साडेतीनशेच्या जवळपास परिषदा घेतल्या.

सुरुवातीला नियम असा होता की राजकीय प्रश्न विचारायचे नाहीत. पण बालकामगार, किमान वेतन, बायकांच्या नोकऱ्या हे विषय निघाले की त्यातून राजकारण बाजूला कसं काढणार? त्या खोलीत राजकारणच चालायचं, फक्त कुणी त्याला तसं म्हणत नव्हतं.

रावपंत

लेख आवडला. मात्र दोन शंका आहेत, राग मानू नये.

पहिली, स्मिथसाहेबांनी दुरुस्ती मांडली ती विधेयक बुडावं म्हणून मांडली असं बरेच अभ्यासक मानतात. शिवाय बायकांच्या समान हक्कांसाठी झटणाऱ्या नॅशनल वुमन्स पार्टीच्या बायका आधीपासून त्यांच्या मागे लागलेल्या होत्या. मग एका टीव्हीवरच्या प्रश्नाला एवढं श्रेय कसं द्यायचं?

दुसरी शंका जास्त महत्त्वाची. पत्रकारानं बातमी द्यावी, बातमी घडवू नये. एखादा पुरुष पत्रकार आपल्या आवडीच्या मुद्द्यासाठी मंत्र्याकडून असं वदवून घ्यायला लागला तर आपण त्याला पक्षपाती म्हणू. बायकांच्या बाबतीत तेच कौतुकाचं कसं होतं?

शाईपेन

रावपंत, राग कसला, असे प्रश्न आले तरच धाग्यात जीव येतो.

श्रेयाबद्दल तुमचं बरोबर आहे, ते वाटूनच द्यायला हवं. ग्रिफिथ्स स्वतःच ती दुरुस्ती मांडणार होत्या, पण स्मिथ मांडणार म्हटल्यावर त्या थांबल्या, कारण त्यांच्या नावावर दक्षिणेकडची मतं आपसूक येणार हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणजे पडद्यामागे बऱ्याच जणींचं डोकं चालू होतं. क्रेगनं केलं ते एवढंच की खासगीत चाललेली गोष्ट देशासमोर, कॅमेऱ्यासमोर आणली. कॅमेऱ्यासमोर 'कदाचित मांडेन' म्हणालेल्या माणसाला नंतर मागे फिरणं अवघड जातं.

पक्षपाताबद्दल मला असं वाटतं. जाहीरनाम्यात लिहिलेल्या आश्वासनाचं काय झालं हे विचारणं पक्षपात असेल तर मग पत्रकारानं विचारायचं तरी काय? तोच प्रश्न धरणाबद्दल किंवा करांबद्दल विचारला असता तर कुणी भुवई उंचावली नसती. अर्ध्या मतदारांचा विषय 'आवडीचा मुद्दा' ठरतो हीच खरी गडबड आहे.

आणि त्या कायद्याचं पुढे काय झालं ते ऐका. 'न्यूजवीक' साप्ताहिकात तेव्हा पद्धत अशी होती की बायकांनी रिसर्च करायचा, तथ्यं तपासायची आणि लेख पुरुषांनी लिहायचे. १९७० मध्ये त्यांनी स्त्रीमुक्ती चळवळीवर कव्हर स्टोरी केली तर ती लिहायला बाहेरून बाई आणली. ज्या दिवशी तो अंक आला त्याच दिवशी, १६ मार्चला, तिथल्या ४६ बायकांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की आम्ही मालकांविरुद्ध भेदभावाची तक्रार दाखल केली आहे. तक्रार कुठल्या कायद्याखाली? त्याच १९६४ च्या कायद्याखाली, त्याच घुसवलेल्या शब्दाच्या जोरावर. त्यांची वकील एलिनॉर होम्स नॉर्टन, जी पुढे अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत गेली. एका पत्रकार बाईच्या प्रश्नानं हातभार लावलेला कायदा सहा वर्षांनी दुसऱ्या पत्रकार बायकांच्या कामी आला. मला हे वाचताना दर वेळी अंगावर काटा येतो.

अबोली_२

+१ शाईपेन.

मी ब्रिटनची एक भर घालते. मेरी स्टॉट. मँचेस्टर इव्हनिंग न्यूजमध्ये ती सब-एडिटर होती, कामात एकदम पक्की, पण त्या खुर्चीवरून पुढे बढती मिळते आणि बढतीच्या रांगेत पुरुषच हवा म्हणून तिला तिथून हलवण्यात आलं. पुढे १९५७ पासून १९७०-७२ पर्यंत तिनं गार्डियनचं महिला पान सांभाळलं. आता महिला पान म्हणजे शिक्षाच समजली जायची, पाककृती, विणकाम, पडद्यांचं कापड. तिनं काय केलं तर वाचक बायकांची पत्रं छापायला सुरुवात केली, आणि पत्रं म्हणजे कौतुकाची नाहीत, अडचणींची.

१९६० मध्ये एका गृहिणीचं पत्र आलं की शिकलेल्या बायका घरात एकट्या पडतात, त्यांनी एकमेकींना शोधावं. त्यातून गृहिणींची देशभर पसरलेली नोंदणी संघटना उभी राहिली. १९६१ मध्ये दुसऱ्या एका आईचं पत्र, सरकार बालवाड्या काढत नाही तर आपणच काढू. त्यातून प्री-स्कूल प्लेग्रुप्स असोसिएशन! स्टॉटनं यात भाषण केलं नाही की मोर्चा नेला नाही. तिनं पत्र निवडलं, नीट एडिट केलं, पानावर चांगल्या जागी लावलं. ज्या बायकांनी कधी मीटिंग घेतली नव्हती त्या या संघटनांमधून अध्यक्ष झाल्या, खजिनदार झाल्या, सरकारी अधिकाऱ्यांसमोर बसून बोलायला लागल्या. राजकारणात उतरायचं शिक्षण म्हणतात ते आणखी काय वेगळं असतं?

उत्तररात्र

महिला पानावरून आठवलं, न्यूझीलंडची केट शेपर्ड सगळ्यांना मताधिकाराची नेता म्हणून माहीत असते (नोटेवर तिचा फोटो आहे), पण ती पत्रकार म्हणून किती मुरलेली होती यावर फार कमी बोललं जातं. १८९१ पासून 'प्रोहिबिशनिस्ट' नावाच्या दारूबंदीवाल्या पत्रात ती 'पेनेलोपी' या टोपणनावानं बायकांचं पान चालवायची. म्हणजे बघा, पत्र दारूबंदीचं, पान बायकांचं आणि मजकूर मताधिकाराचा. दूरदूरच्या शेतांवर राहणाऱ्या बायकांपर्यंत सह्यांच्या अर्जाची माहिती पोचवायला अशा पानाचा किती उपयोग झाला असेल याचा विचार करा. १८९१ च्या अर्जावर ९ हजारांच्या आसपास सह्या, १८९२ ला २० हजारांच्या आसपास, १८९३ ला जवळजवळ ३२ हजार. त्या शेवटच्या अर्जाचे कागद एकाला एक चिकटवून मोठी गुंडाळी केलेली होती, सर जॉन हॉल यांनी ती संसदेत उलगडली तेव्हा ती घरंगळत जाऊन पलीकडच्या भिंतीला आपटली. १९ सप्टेंबर १८९३ ला कायदा झाला आणि नोव्हेंबरमध्ये बायकांनी मतदान केलं सुद्धा. मग शेपर्ड थांबली का, तर नाही, १८९५ मध्ये 'व्हाइट रिबन' सुरू केलं, जे बायकांनीच चालवलं आणि बायकांनीच प्रकाशित केलं.

शेजारी ऑस्ट्रेलियात लुइझा लॉसनचं 'डॉन', १८८८ ते १९०५. तिनं छापखान्यात सुद्धा बायका ठेवल्या म्हणून टाइपजुळाऱ्यांची युनियन तिच्यावर उलटली, बहिष्काराचे प्रयत्न झाले. कारण उघड होतं, युनियन बायकांना सदस्य करून घेत नव्हती आणि सदस्य नसलेल्यांनी काम केलेलं त्यांना चालत नव्हतं! तरी तिनं सतरा वर्षं अंक काढला, आणि मताधिकार संघटनेची पत्रकंही तिच्याच छापखान्यातून निघायची.

केतकी_पान

टाइपजुळाऱ्या बायकांचा मुद्दा फ्रान्समध्ये पण आहे ना? मार्गरित द्युराँचं 'ला फ्रोंद', डिसेंबर १८९७ पासून. लिहिणाऱ्या, संपादन करणाऱ्या, टाइप जुळवणाऱ्या सगळ्या बायका, आणि पेपर दैनिक. बायकांनी रात्री काम करायचं नाही असा कायदा होता आणि दैनिक तर रात्रीच छापावं लागतं. म्हणजे बायकांचं 'रक्षण' करणारा कायदाच त्यांना चांगल्या पगाराच्या कामातून बाहेर ठेवत होता. फ्रोंदच्या बायका अर्थकारण, संसद, कोर्ट सगळ्यावर लिहायच्या आणि फ्रान्सनं बायकांना मत दिलं १९४४ मध्ये. म्हणजे ज्या संसदेच्या कामकाजावर त्या लिहीत होत्या ती निवडण्याचा अधिकार त्यातल्या बहुतेकींना आयुष्यात मिळालाच नाही. हे वाचून फार वाईट वाटलं.

जुनी_वही

मी बरीच वर्षं पेपरच्या डेस्कवर (बातम्या तपासून पानात लावतात तिथे) काम करते, म्हणून आतल्या बाजूचं थोडं लिहिते, कारण 'शांतपणे' हा जो शब्द इथे येतोय तो आमच्या कामात रोज काय असतो ते बाहेरून कळत नाही.

निवडणुकीच्या काळात महिला उमेदवाराची बातमी येते. पहिल्याच वाक्यात ती कुणाची बायको, कुणाची सून, मुलं किती. तिनं दोन टर्म स्थानिक पातळीवर काय काम केलं ते शेवटच्या परिच्छेदात, आणि जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद पहिला उडतो हे पेपरात काम करणाऱ्या कुणालाही माहीत आहे. मी काय करते, काम वर घेते आणि नातं खाली टाकते. एवढंच. कुणाशी भांडण नाही, मीटिंग नाही. कापायचंच असेल तर आता नातं कापलं जातं. एकदा वरिष्ठांनी विचारलं, वाचकांना घराण्याची माहिती हवी असते, ती का काढलीस? मी म्हटलं, काढली नाही, खाली आहे, आणि पुरुष उमेदवाराच्या बातमीत त्याच्या सासऱ्यांचं नाव आपण कधी छापलंय ते दाखवा. ते गप्प बसले. पुढच्या खेपेला तसंच छापलं गेलं.

दुसरं म्हणजे फोन नंबरांची वही. बजेट, संरक्षण, शेती कुठल्याही विषयावर प्रतिक्रिया हवी असली की तीच चार-पाच पुरुष नावं फिरवली जातात, कारण त्यांचे नंबर सगळ्यांकडे असतात आणि रात्री उशिरा घाईत नवीन माणूस कोण शोधत बसणार. मी अभ्यासक बायकांची यादी करत गेले आणि ती सगळ्या डेस्कला दिली. आता त्यातल्या काही जणी नेहमीच्या झाल्यात, चर्चेला बोलावल्या जातात, समित्यांवर घेतल्या गेल्यात.

रावपंतांच्या निष्पक्षतेच्या मुद्द्याबद्दल : निष्पक्ष म्हणजे आजवर जसं चालत आलंय तसंच ठेवायचं असा अर्थ न्यूजरूममध्ये नकळत होऊन बसतो. जुन्या क्रमाला कुणी पक्षपात म्हणत नाही, क्रम बदलला की लगेच म्हणतात.

रावपंत

जुनी_वही ताई, तुमचा प्रतिसाद फार आवडला, सासऱ्यांच्या नावाचा मुद्दा बिनतोड आहे. बातमीतला क्रम हा सुद्धा एक निर्णयच असतो हे पटलं. तथ्यं तीच ठेवून क्रम बदलला तर त्याला माझा काहीच आक्षेप नाही. पत्रकारानं एखाद्या संघटनेचं पद घेऊन त्याच विषयावर बातम्या द्याव्यात का, यावर मात्र माझं मत अजून तसंच आहे.

आणि एक विचारतो, हे सगळं गुपचूप करण्याची किंमत कुणाला मोजावी लागली का? की शांत राहिल्यामुळे त्या सुरक्षित राहिल्या?

मुक्तछंद

रावपंत, किंमत मोजलेली आहे. कॅनडाची फ्रान्सिस मॅरियन बेनन. 'ग्रेन ग्रोअर्स गाइड' हे शेतकऱ्यांचं पत्र, तिथे १९१२ पासून ती बायकांचं पान बघायची. शेतावरच्या बायका तिला लिहायच्या की नवरा जमीन विकून मोकळा होतो आणि आम्हाला विचारत नाही, वर्षानुवर्षं राबून हातात काही नाही. ती पत्रं छापायची आणि त्याखाली मताधिकाराचा संबंध लावून दाखवायची. तिची बहीण लिलियन बेनन थॉमस ही पण पत्रकार. विनिपेगमध्ये १९१२ ला पोलिटिकल इक्वालिटी लीग निघाली त्यात या दोघी होत्या, आणि १९१४ मध्ये त्यांनी नाट्यगृहात खोटी संसद भरवली ज्यात नेली मॅक्लंग मुख्यमंत्री झाली आणि पुरुष शिष्टमंडळ मताचा हक्क मागायला आलं. जानेवारी १९१६ मध्ये मॅनिटोबात बायकांना मत मिळालं, कॅनडात सगळ्यात आधी.

पण नंतर महायुद्धात सक्तीच्या भरतीला तिनं विरोध केला आणि मत फक्त 'आपल्या' बायकांना द्यावं, परदेशातून आलेल्यांना नको, ही टूम निघाली त्यालाही विरोध केला. चळवळीतल्या मोठ्या मैत्रिणी दुसऱ्या बाजूला होत्या. १९१७ मध्ये तिला नोकरी सोडावी लागली आणि ती देश सोडून न्यूयॉर्कला गेली. ज्या विजयाच्या पायाभरणीत तिचा हात होता त्याच्या कौतुकसोहळ्यात ती नव्हती. मला ती मॅक्लंगइतकीच मोठी वाटते, किंबहुना जास्त, कारण परदेशी बायकांसाठी बोलून तिला स्वतःला काहीच मिळणार नव्हतं.

कॅनडाचीच डोरिस अँडरसन पण इथे हवीच. 'शॅटलेन' हे बायकांचं मासिक तिनं १९५७ ते १९७७ चालवलं. वर पाककृती आणि फॅशन, आणि संपादकीयात घटस्फोटाचे कायदे, गर्भपात, वेतन, संसदेत बायका इतक्या कमी का. स्त्रियांच्या दर्जावर रॉयल कमिशन नेमा ही मागणी तिनं लावून धरली, १९६७ मध्ये ते नेमलं गेलं आणि त्याची अध्यक्ष फ्लॉरेन्स बर्ड, ती सुद्धा रेडिओ पत्रकार! १९७० च्या अहवालात १६७ शिफारशी होत्या. पुढे अँडरसन सरकारी सल्लागार परिषदेची अध्यक्ष झाली आणि नव्या घटनेवरची बायकांची परिषद सरकारच्या दबावानं रद्द झाली तेव्हा जानेवारी १९८१ मध्ये तिनं राजीनामा दिला. तो राजीनामा पेपरांत गाजला आणि फेब्रुवारीत १,३०० बायका आपणहून ओटावात जमल्या. कॅनडाच्या हक्कांच्या सनदेत कलम २८ आहे, सगळे हक्क स्त्री-पुरुषांना सारखेच असं सांगणारं, ते या हालचालीतून आलं.

दूरची_गाडी

अप्रतिम धागा, सगळे प्रतिसाद वाचत बसले.

भारतातलं एक उदाहरण देते. १९१७ मध्ये मद्रासच्या अड्यारला विमेन्स इंडियन असोसिएशन निघाली, तिचं पत्र 'स्त्रीधर्म', १९१८ पासून. मार्गारेट कझिन्स, डोरोथी जिनराजदास, मालती पटवर्धन यांनी ते सांभाळलं, इंग्रजीबरोबर तमिळ, तेलुगू, हिंदी मजकूर असायचा. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पत्र निघण्याच्या जरा आधीची आहे. ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू भारतात आले तेव्हा या बायकांना मुलींच्या शिक्षणाबद्दल निवेदन द्यायचं होतं. उत्तर आलं की फक्त राजकीय शिष्टमंडळांनाच भेट मिळेल. मग कझिन्सनी निवेदनात बायकांच्या मताधिकाराची मागणी घातली! १८ डिसेंबर १९१७ ला सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ मद्रासमध्ये भेटलं. १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबई प्रांतांत बायकांना मत मिळालं (मालमत्तेच्या अटी होत्याच). पुढे 'स्त्रीधर्म'च्या संपादक झालेल्या मुथुलक्ष्मी रेड्डी १९२७ मध्ये मद्रास विधान परिषदेत होत्या, उपाध्यक्ष होत्या.

मराठीत तानूबाई बिर्जे. नवरा वासुदेवराव गेल्यावर त्यांनी 'दीनबंधु' हाती घेतलं. भालेकरांनी १८७७ ला सुरू केलेलं, सत्यशोधक परंपरेतलं पत्र. बायकांना मत नव्हतं त्या काळात एक बाई राजकीय अग्रलेख लिहीत होती आणि आपल्यातल्या कितीतरी जणांना तिचं नाव माहीत नाही.

आणि शीला बारसे. मुंबईत कोठडीतल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या, पंधरापैकी पाच जणींनी मारहाण झाल्याचं सांगितलं, त्यावर सर्वोच्च न्यायालयाला पत्र. १९८३ च्या निकालात स्त्री आरोपींसाठी वेगळ्या कोठड्या, तिथे महिला पोलीस, चौकशी महिला पोलिसांच्याच उपस्थितीत असे आदेश आले. हे निवडणुकीचं राजकारण नसलं तरी राज्यसत्तेनं बाईशी कसं वागायचं याचं तर आहेच.

अबोली_२

दूरची_गाडी, तानूबाईंबद्दल खरंच स्वतंत्र धागा काढ.

अजून एक नाव राहू नये म्हणून लिहिते, अमेरिकेची पत्रकार ॲलिस डनिगन. केंटकीत दुसऱ्याची शेती कसणाऱ्या कृष्णवर्णीय घरातली मुलगी. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या प्रचाराच्या रेल्वेनं जायचं ठरवलं तर तिच्याच वृत्तसंस्थेनं खर्च द्यायला नकार दिला, ती स्वतःच्या पैशांनी गेली. पुढचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना तिचे वंशभेदाबद्दलचे प्रश्न नकोसे व्हायला लागले आणि तिच्याकडे बघणंच बंद झालं. परिषदेत हात वर करून उठायचं आणि बसायचं, उठायचं आणि बसायचं. जानेवारी १९६१ मध्ये केनेडींनी तिला बोलू दिलं, दोन वर्षांत पहिल्यांदा. आणि तिनं काय विचारलं? टेनेसीत मतदार यादीत नाव घातलं म्हणून जमीनदारांनी घराबाहेर काढलेल्या आणि तंबूत राहणाऱ्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी सरकार काय करणार. मिळालेल्या एका संधीत स्वतःबद्दल अवाक्षर नाही.

उत्तररात्र

डनिगनवरून बाल्कनी आठवली. वॉशिंग्टनचा नॅशनल प्रेस क्लब पुरुषांचा, आणि परदेशी पंतप्रधानांपासून सगळे मोठे वक्ते तिथे जेवणाच्या वेळी बोलायचे. १९५५ पासून पत्रकार बायकांना फक्त वरच्या बाल्कनीत उभं राहायची परवानगी. खाली पुरुष जेवतायत, प्रश्न विचारतायत आणि वर बायका टीव्हीच्या दिव्यांच्या उकाड्यात एकमेकींना खेटून टिपणं काढतायत, प्रश्न विचारायची परवानगी नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये तर समान हक्कांच्या प्रचंड मोर्चाच्या आदल्या दिवसांत ए. फिलिप रँडॉल्फ यांचं भाषण तिथेच ठेवलं होतं, बायकांनी त्यांना कळवलं की तुम्ही जो भेद मोडायला निघालात तोच इथे आमच्याशी होतोय, तरी भाषण झालंच. सदस्यत्व मिळालं १९७१ मध्ये. म्हणजे मे क्रेगनं ते दोन प्रश्न विचारले त्या काळात ती या क्लबात बसून प्रश्न विचारू शकत नव्हती.

रावपंत

हे माहीत नव्हतं. भाषण होऊ दिलं याचं वाईट वाटलं.

जुनी_वही ताई, एक विचारायचं होतं. आजच्या घडीला तुमच्यासारखीनं राजकीय पक्षांना एकच प्रश्न विचारायचा झाला तर कुठला? महिलांना किती उमेदवाऱ्या दिल्या हे तर सगळेच विचारतात आणि पक्षही आकडा तयार ठेवतात.

जुनी_वही

रावपंत, तो आकडा छापायचाच, पण त्यावर थांबायचं नाही. मी विचारेन की कुठल्या जागांवर दिल्या. पक्ष मागच्या तीन-चार निवडणुकांत जिथे कधीच जिंकला नाही अशा जागांवर बायकांना उभं केलं तर टक्केवारी छान दिसते आणि निकालाच्या दिवशी बायका पडतात, वर म्हणायला मोकळे की बायकांना लोक मतं देत नाहीत. म्हणून उमेदवारांच्या यादीशेजारी मागच्या वेळचा मताधिक्याचा रकाना लावायचा. जागा, उमेदवार, मागच्या वेळी पक्ष कितीनं जिंकला किंवा हरला. निवडणूक आयोगाची सगळी आकडेवारी खुली असते, एका दुपारचं काम आहे.

शाईपेन

जुनी_वही, हा तक्ता कसा करायचा ते वेगळ्या धाग्यात स्टेप बाय स्टेप लिहशील का? रकाने कुठले, निवडणुका किती मागे जायच्या, युती असेल तर मतं कुणाच्या खात्यात धरायची. इथे पत्रकारितेचा कोर्स करणाऱ्या बऱ्याच मुली वाचत असतात.

जुनी_वही

लिहिते की. युतीचा भाग किचकट आहे, तो उदाहरण घेऊन समजावते. रविवारी टाकेन.